शाळेत शिक्षकाला मारहाण झाली, तर पहिल्या दिवसापासून काय करायचं?

प्रश्न असा आहे: जिल्हा परिषदेच्या शाळेत तास चालू असताना एका विद्यार्थ्याचे वडील आणि त्यांच्यासोबतचा एक जण वर्गात शिरले. शिव्या देत त्यांनी शिक्षकाच्या कानाखाली मारली आणि कॉलर धरून व्हरांड्यात ओढत नेलं. मुख्याध्यापक म्हणतात, "रोज याच गावात यायचंय, मिटवून टाका." शिक्षकाने आता काय करावं?

थेट उत्तर आधी देतो. आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा, तिथून पोलीस ठाण्यात जा आणि आजच मुख्याध्यापकांना लेखी अहवाल देऊन पोच घ्या. मिटवायचं की लढायचं हे महिन्याभराने ठरवलं तरी चालतं. पहिल्या दिवशी न झालेली नोंद मात्र नंतर कितीही धावपळ केली तरी उभी राहत नाही. डॉक्टरांच्या कागदावर एक, फिर्यादीत दुसरं आणि शाळेच्या अहवालात तिसरंच लिहिलं गेलं, की बचाव पक्षाच्या वकिलाचं काम तिथेच सोपं होतं. म्हणून तिन्ही ठिकाणी तीच वेळ, तीच जागा, तीच माणसं, तेच शब्द सांगा.

मारहाण चालू असतानाच सहकाऱ्यांना वेळ मिळाला, तर एकाने मुलांना दुसऱ्या वर्गात न्यावं आणि एकाने ११२ ला फोन करावा. त्या फोनची वेळ यंत्रणेत नोंदली जाते, ती पुढे कामाला येते. स्वतःला सोडवून घेण्यापुरता बळाचा वापर कायद्याला मान्य आहे. समोरचा मागे हटल्यावर मारलेला फटका मान्य नाही, आणि त्याच फटक्याचा व्हिडिओ गावभर फिरतो.

दवाखान्यापासून सुरुवात करायची कारण इजा आधी, कागद नंतर. जवळ ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर तिथे जा. खासगी दवाखान्यात उपचार घ्यायला हरकत नाही, पण इजेचा दाखला सरकारी डॉक्टरांचा असला की पुढचे वाद कमी होतात. पोलिसांची मेडिकल यादी (तपासणीसाठी ठाण्यातून मिळणारं पत्र) हातात नसली तरी डॉक्टर तपासतात, एमएलसी म्हणजे पोलीस प्रकरण असल्याची वैद्यकीय नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. "आधी ठाण्यातून यादी आणा" असं सांगून कुणी परत पाठवत असेल, तर "एमएलसी नोंदवून पोलिसांना कळवा" एवढं शांतपणे म्हणा. डॉक्टर "कसं लागलं?" विचारतील तेव्हा लाजेपोटी "पडलो" असं सांगू नका. सहकाऱ्यांसमोर मार खाल्ल्याची लाज वाटते आणि हे वाक्य तोंडून निघून जातं. केसपेपरवर एकदा "पडल्याने इजा" आलं, की ते खोडता येत नाही. "आज सकाळी अमुक वाजता शाळेत दोन माणसांनी हाताने मारलं, डाव्या कानावर, नंतर भिंतीवर ढकललं" असं सांगा आणि तसंच लिहिलंय का ते वाचून बघा.

कानाखाली मारण्याला लोक फार हलकं समजतात. उघड्या तळव्याने कानावर बसलेल्या चपराकीने हवेचा दाब एकदम वाढतो आणि कानाचा पडदा फाटू शकतो. कानात गुणगुण, ऐकू कमी येणं, चक्कर, थोडं रक्त किंवा पाणी येणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी घरी जाऊन कोमट तेल घालतात, तेच नेमकं टाळायचं. तेल नाही, ड्रॉप नाही, आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून शक्यतो एक-दोन दिवसांत पडदा बघून घ्या आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. छोटं छिद्र बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतं. ही चांगली बातमी आहे, पण याचाच अर्थ असा की उशिरा गेलात तर दाखवायला काही उरत नाही.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे २४ ते ४८ तास एकटं राहू नका. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळ, झटका, कानानाकातून पातळ पाणी यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी १०८ बोलवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाट न बघताच डॉक्टरांना ते सांगा. गळा दाबला गेला असेल आणि आवाज बसला, गिळताना दुखलं, तर बाहेरून वळ नसला तरी तपासणी हवी. शिक्षिका गरोदर असेल तर पोटावर मार नसला, नुसती ढकलाढकल झाली असली, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावं.

आणखी दोन इजा हमखास सुटतात. पडताना टेकलेला हात मनगटापाशी, अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिला तर पहिल्या एक्सरेत फ्रॅक्चर दिसेलच असं नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्सरे काढायला सांगा. दुसरी इजा दाताची. तुटलेला किंवा निखळलेला दात कायद्याने "गंभीर दुखापत" आहे, पण ओठ फुटल्याच्या गडबडीत दाताची नोंदच होत नाही.

"गंभीर" या शब्दाला इथे मोल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आठ प्रकारच्या इजा गंभीर मानल्या आहेत. हाड किंवा दात मोडणं, कानाची ऐकण्याची किंवा डोळ्याची बघण्याची शक्ती कायमची जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं हे त्यात येतं. पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजचे व्यवहार करता न येणंही येतं. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. तेव्हा तुम्ही खरोखर अंथरुणाला खिळलेले असाल, तर आठव्या दिवशी "फक्त सही करायला" शाळेत जाऊ नका. हजेरीपटावरची ती एक सही तुमच्याविरुद्ध वाचली जाते.

वळ आणि सूज यांचे फोटो पहिल्या दिवशी काढा, पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढा, कारण काळंनिळं नंतर जास्त उठतं. एक फोटो चेहऱ्यासह, एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. फाटलेला शर्ट धुऊ नका, शिवू नका. कागदी पिशवीत घालून पोलिसांकडे पंचनाम्यात जमा करा.

आता पोलीस ठाणं. तिथे सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: मारहाण, शिवीगाळ, धमकी एवढंच सांगितलं की ठाणे अंमलदार जुन्या सवयीने दंड संहितेची "३२३, ५०४, ५०६" ही कलमं धरतात. नव्या संहितेत ती ११५(२), ३५२ आणि ३५१(२). एवढ्यावर प्रकरण अदखलपात्र राहतं. तुम्हाला एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद मिळतो, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा शासकीय शाळेतला शिक्षक लोकसेवक आहे. तो कर्तव्य बजावत असताना त्याच्यावर हल्ला झाला तर कलम १३२ (जुनं ३५३) आणि दुखापत झाली असेल तर १२१(१) (जुनं ३३२) लागतं, गंभीर दुखापतीला १२१(२). ही तिन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. १२१(१) ला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, १२१(२) ला किमान एक आणि कमाल दहा वर्षं.

पण कलम मागून मिळत नाही, फिर्यादीतल्या मजकुरातून मिळतं. "मला मारलं" याने १३२ लागत नाही. त्या क्षणी तुम्ही कोणतं काम करत होता आणि ते काम कसं थांबलं, हे लिहिलेलं हवं. मजकूर साधारण असा असावा:

"मी जि. प. प्राथमिक शाळा, अमुक येथे सहायक शिक्षक म्हणून नेमणुकीस आहे. आज दि. … रोजी मी हजेरीपटावर सही करून वेळापत्रकाप्रमाणे इयत्ता पाचवीचा गणिताचा तास घेत असताना सुमारे ११.२० वाजता श्री. … व त्यांच्यासोबतचा एक इसम परवानगी न घेता वर्गात आले. श्री. … यांनी '…' अशी शिवीगाळ करून माझ्या डाव्या कानावर उजव्या हाताने चापट मारली. सोबतच्या इसमाने माझी कॉलर धरून मला व्हरांड्यात ओढले व 'पुन्हा वर्गात पाय ठेवलास तर बघ' अशी धमकी दिली. त्यामुळे तास बंद पडला व मुले रडू लागली. शिपाई श्री. … व स्वयंपाकी श्रीमती … यांनी मला सोडवले."

शिव्या जशाच्या तशा लिहा, संकोच करू नका. कोणी कोणत्या हाताने काय केलं ते वेगळं करून लिहा. जो माणूस तिथे नव्हता, त्याचं नाव गावातल्या जुन्या रागापोटी घालू नका. एक खोटं नाव सगळी फिर्याद संशयात आणतं. सोबत नेमणूक आदेश, वेळापत्रक आणि त्या दिवशीच्या हजेरीपटाची प्रत जोडा.

खासगी विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला लोकसेवकाची कलमं आपोआप मिळत नाहीत. अनुदानित शाळेबाबत दोन्ही बाजूंनी वाद घातला जातो, म्हणून पगार शासनाकडून शालार्थ प्रणालीमार्फत होतो हे फिर्यादीतच लिहावं. अशा शिक्षकांसाठी दुसरी दारं महत्त्वाची. शाळेच्या इमारतीत गुन्ह्याच्या इराद्याने शिरणं हा कलम ३२९(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे. काठी घेऊन, मारण्याच्या तयारीने आत आले असतील तर कलम ३३३, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. डॉक्टरांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा संरक्षण कायदा आहे, शिक्षकांसाठी तसा नाही. म्हणून या सर्वसाधारण कलमांवरच उभं राहावं लागतं, आणि म्हणूनच मजकूर इतका नेटका हवा.

"आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करू शकतात, पण १४ दिवसांतच. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवूनच घेत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा. तरीही हालचाल नसेल तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज करा. या पायऱ्या गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज त्याच कारणावर अडतो.

आपण मार खाल्ल्याची फिर्याद द्यायला शिक्षकाला कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही. मुख्याध्यापकांची नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांचीही नाही. कळवणं मात्र भाग आहे. अहवाल मुख्याध्यापकांना, प्रत केंद्रप्रमुखांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. प्रत्येकावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मुख्याध्यापक पोच देत नसतील तर ई-मेल आणि रजिस्टर पोस्ट करा. त्यात ही मागणी वेगळ्या ओळीत ठेवा: "आजचे सकाळी १०.३० ते दुपारी १२.३० या वेळेतील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण पुसले जाऊ नये म्हणून तात्काळ वेगळे काढून ठेवावे." डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुन्यावर नवं चित्रण चढतं. लहान डिस्क असेल तर आठवड्याभरातच. मोबाईलवर घेतलेला व्हॉट्सॲपमधला व्हिडिओ दाबला गेलेला असतो, मूळ फाइल ज्याच्या फोनमध्ये आहे त्याने ती जपून ठेवावी. कोर्टात अशा पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, ते तपास अधिकाऱ्यांना आठवणीने घ्यायला सांगा.

साक्षीदार कोण, यावर जरा थांबतो. वर्गातली मुलं सगळ्यात जवळून बघतात, पण त्यांच्याकडून स्वतः जबाब लिहून घेऊ नका. "सरांनी पढवलं" हा आरोप तिथेच चिकटतो, आणि घाबरलेल्या मुलांना ते करायला लावणं बरंही नाही. पोलिसांना गरज वाटली तर ते विचारतील. १५ वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात बोलवायचं नाही, त्याच्या घरीच विचारायचं असा नियम आहे. मोठ्यांकडे बघा. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंची शेड बहुतेक शाळांत फाटकाजवळ असते. कोण आलं, कसं आलं, हातात काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि त्यांना कोणी विचारतच नाही. शेजारच्या वर्गातले शिक्षक, शिपाई, त्या वेळी आलेले शालेय व्यवस्थापन समितीचे सदस्य यांची नावं फिर्यादीत जाऊ द्या.

आता "मिटवून टाका". हा दबाव साधारण दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सरपंच येतात, समितीचे अध्यक्ष येतात, कोणीतरी पोलिसांकडूनच निरोप आणतं. गावात काम करायचं आहे हे खरं आहे आणि समेट वाईट नाही. पण दोन गोष्टी समजून घ्या. १३२ आणि १२१ ही तडजोडीची कलमं नाहीत. तुम्ही "माझी तक्रार नाही" असं लिहून दिलं म्हणून गुन्हा संपत नाही, तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आणि कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर, "दोघांची बाचाबाची झाली" अशा मजकुरावर सही करू नका. त्या एका वाक्याने तुम्ही मार खाणारे न राहता भांडणारे ठरता. समेट करायचाच असेल तर एफआयआर आणि दाखला झाल्यावर, वकिलाला मजकूर दाखवून करा.

उलट तक्रारीची तयारी त्याच दिवशी ठेवा. पालक चिडून येतात ते बहुधा "माझ्या पोराला मारलं" म्हणूनच, आणि गुन्हा दाखल झाला की तीच तक्रार लेखी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे, बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ ही पुढे येतं. मुलाला हात लावला असेल तर लपवू नका. पंचवीस मुलांनी पाहिलेली गोष्ट नाकारली, की तुमच्या मारहाणीची खरी गोष्टही खोटी वाटते. जे झालं ते मुख्याध्यापकांच्या अहवालात नेमक्या शब्दांत लिहा. मुलाला चापट मारली म्हणून शिक्षकाला मारायचा हक्क कोणाला मिळत नाही, दोन्ही प्रकरणं कायद्यात वेगळीच चालतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस साधारणतः आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर ठरल्या दिवशी हजर राहा, गैरहजेरीने अटकेला कारण मिळतं. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर सेवानियमांप्रमाणे निलंबन मानलं जातं. म्हणून धोका दिसताच अटकपूर्व जामिनासाठी वकील गाठा.

मारणारा विद्यार्थीच असेल तर रस्ता वेगळा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाविरुद्ध किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा किंवा प्रौढांसोबत केलेला गुन्हा वगळता सहसा एफआयआर होत नाही. बाल पोलीस पथक दैनंदिनीत नोंद घेतं, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल करून बाल न्याय मंडळाकडे पाठवतं. नोंद करायला सांगाच. पण त्या मुलाचं नाव, फोटो, व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे. आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही, तेव्हा मागणी करायची ती तुकडी बदलण्याची, समुपदेशनाची आणि पालकांच्या लेखी हमीची. मूल विशेष गरजा असलेलं असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला बोलवा. तिथे पोलीस ठाण्यापेक्षा वर्गात मदतनीस मिळणं जास्त उपयोगाचं.

शिक्षिकेचा विनयभंग झाला असेल तर न्याय संहितेची ७४ आणि ७५ ही कलमं फिर्यादीत यायला हवीत. हल्ला करणारा सहकारी किंवा संस्थाचालक असून वागणूक लैंगिक स्वरूपाची असेल तर शाळेच्या किंवा संस्थेच्या, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. शिक्षक अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि लोकांसमोर जातिवाचक शिवी दिली असेल, तर तो शब्द फिर्यादीत हवाच. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

रजेचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर पगारपत्रकात "अनधिकृत गैरहजर" चढतं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये कर्तव्यामुळे हेतुपुरस्सर केलेल्या इजेसाठी विशेष विकलांगता रजा आहे. ती अर्जित किंवा वैद्यकीय रजेच्या खात्यातून कापली जात नाही, पण बहुतेक कार्यालयांत कोणी आपणहून सुचवत नाही. अर्जात तिचं नाव लिहा, एफआयआर आणि दाखला जोडा. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपा. खासगी शाळेत पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल तर संस्थेने अपघात अहवाल पाठवायला हवा. त्यावर कामावर नसलेल्या दिवसांचा सुमारे ९० टक्के वेतनाइतका लाभ मिळतो. आणि "तुमच्या सुरक्षेसाठी" म्हणून विनंती बदलीच्या अर्जावर सही मागितली, तर थांबा. बदली तुम्हाला खरंच हवी असेल तर कारण "कर्तव्यावर झालेला हल्ला, प्रशासकीय सोय" असं लिहा. विनंती बदलीला बदली भत्ता मिळत नाही, आणि पुढे कागदावर तुम्हीच शाळा सोडून गेलेले दिसता.

पहिले काही आठवडे झोप न लागणं, दारात सावली दिसली तरी दचकणं, त्या वर्गात पाय न उचलणं हे होतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. परत रुजू होताना पहिला आठवडा त्या वर्गात सोबत एक सहकारी मागा. पालकांनी आधी कार्यालयात नोंद करूनच यावं आणि तासाच्या वेळी फाटक बंद असावं, हा ठराव शालेय व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्तात घ्यायला लावा.

पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे तुम्हाला कळवायचं असतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे. कळवलं नाही तर लेखी विचारा. दोषारोपपत्र गेल्यावर त्यात १३२ आणि १२१ शिल्लक आहेत का ते बघा, कधीकधी मधल्या मधे गळतात. तसं झालं तर सरकारी वकिलांना लगेच भेटा. साक्षीचं समन्स यायला वर्षं लागू शकतात. तोवर एफआयआर, केसपेपर आणि शाळेचा अहवाल यांच्या प्रती एका फाइलमध्ये घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नको. साक्षीच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन सरकारी वकिलांकडे आपला मूळ जबाब वाचायला मागा.